आतड्यातले राखणदार

(सेवाग्रामच्या परिसरातील एका गावी, रात्रीच्या साक्षरता वर्गात केलेले भाषण)



तुम्ही दिवसभर राबून आला आहात. कुणी कापूस वेचला आहे. कुणी चण्याला पाणी दिले आहे. डोळ्यांवर झोप आहे, तरी वर्ग चुकवला नाही. म्हणून आधी तुम्हांला नमस्कार.

आज आम्ही ज्या गोष्टीवर बोलणार आहोत, ती चारचौघांत बोलू नये असे लोक समजतात. शौचाच्या वेळी रक्त पडते, ती ही गोष्ट. डोके दुखले तर माणूस पारावर बसून सांगतो. कंबर दुखली तरी सांगतो. पण शौचावाटे रक्त गेले तर तो घरातही सांगत नाही. बाई तर मुळीच सांगत नाही.

हे न सांगणे फार महाग पडते. कसे, ते ऐका.

काकाजींचा प्रश्न

आम्ही गावोगाव फिरून आरोग्याचे काम करतो. एका गावात एक शेतकरी होते. वय पंचावन्नच्या आसपास. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. त्यांचे नाव मात्र सांगणार नाही. का, ते शेवटी कळेल.

एकदा बोलता बोलता काकाजी म्हणाले, "थोडं रक्त जाते जी. मूयव्याध हाय. सगळ्याईलेच असते."

आम्हीही मान डोलावली. तिखट कमी खा, पाणी जास्त प्या, ताक घ्या, असे सांगितले आणि पुढच्या घरी गेलो. इथे आमची चूक झाली. रक्त किती दिवसांपासून जाते, हे आम्ही विचारले नाही. वजन उतरले का, हेही विचारले नाही. तपासून घ्या असे म्हटले नाही. आज ही चूक तुमच्यापुढे कबूल करतो. सांगणाऱ्याने आपली चूक लपवली तर ऐकणारा आपली चूक का सांगेल?

काकाजींनी मग आठवड्याच्या बाजारातून पुड्या आणल्या. आठ महिने पुड्या चालल्या. मधेच रक्त थांबे, पुन्हा सुरू होई. चेहरा पांढरा पडला. बांधावरून चालताना दम लागू लागला. शेवटी त्यांना दवाखान्यात नेले. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ती कर्करोगाची होती. पुढच्या तपासणीत यकृतातही तीन डाग दिसले. रोग दुसऱ्या जागी गेला होता.

त्या दिवशी काकू आम्हांला म्हणाल्या, "धोतराचे डाग मीच धुत होती जी. पन बोलाव कसं?"

आणि काकाजींनी एक प्रश्न विचारला. "अजी, आंगात राखणदार रायतेत म्हणता ना तुमी? मंग ते काय झोपले होते?"

प्रश्न साधा आहे. पण जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नामागे लागले आहेत. आजचे आमचे बोलणे म्हणजे काकाजींच्या प्रश्नाचे उत्तर आहे.

काटा आणि अवधाण

आपले शरीर बारीक बारीक कणांचे बनले आहे. घर जसे विटांचे, तसे शरीर या कणांचे. त्यांना पेशी म्हणतात. पेशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बारीक वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र असते, त्यातून ती दिसते.

या पेशींतल्या काही पेशी राखण करतात. त्यांचे काम तुम्ही पुष्कळदा पाहिले आहे. पायात बाभळीचा काटा मोडतो. जागा लाल होते, सुजते, पिकते. जांघेत अवधाण येते. हे अवधाण म्हणजे काय? ती राखणदारांची चौकी आहे. पायात शत्रू शिरला अशी वर्दी चौकीवर पोहोचली. तिथे राखणदारांची संख्या वाढली. म्हणून गाठ सुजली.

हे कसे समजले, त्याची गोष्टही काट्याचीच आहे. १८८२ साली इटलीतल्या मेसिना या गावी मेचनिकॉफ नावाचे एक रशियन शास्त्रज्ञ राहत होते. समुद्रात तारामासा नावाचा प्राणी असतो. त्याचे पिल्लू काचेसारखे असते, आतले सारे दिसते. मेचनिकॉफ यांनी गुलाबाचा काटा त्या पिल्लाच्या अंगात टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तो काट्याभोवती पेशींची गर्दी! कुणी बोलावले नव्हते, तरी त्या धावून आल्या होत्या. पुढे १९०८ साली मेचनिकॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज आपल्याला राखणदारांच्या अनेक जाती माहीत आहेत. आपण तीनच ध्यानात ठेवू.

पहिली जात गिळणाऱ्यांची. जंतू दिसला की या पेशी त्याला गिळतात. मेलेल्या पेशीही गिळतात. गावातला केरकचरा काढणाऱ्यासारखे त्यांचे काम आहे.

दुसरी जात ओळख ठेवणाऱ्यांची. त्यांना टी-पेशी म्हणतात. आपल्या छातीच्या हाडामागे एक लहान ग्रंथी आहे. तिथे या पेशींची जणू शाळा भरते. आपले कोण आणि परके कोण, हे तिथे शिकवतात. जी पेशी आपल्याच शरीरावर धावून जाते, तिला तिथेच बाद करतात. शिकून बाहेर पडलेल्या टी-पेशींपैकी काही थेट मारेकरी असतात. त्या शत्रू बनलेल्या पेशीला चिकटतात आणि तिला मारतात.

तिसरी जात आवरणाऱ्यांची. भांडण फार पेटले तर घराचेच नुकसान होते. म्हणून या पेशी बाकीच्या राखणदारांना "पुरे आता" असे सांगतात. हा शोध लावणाऱ्या तिघांना, साकागुची, ब्रन्को आणि रॅम्सडेल यांना, २०२५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक गंमत पाहा. आतड्यांच्या भिंतीत पुष्कळ राखणदार राहतात. असे का? कारण आतड्यांत रोज बाहेरचे अन्न येते. अन्नाबरोबर जंतू येतात. आठवडी बाजार जिथे भरतो, तिथेच पोलीस जास्त लागतात ना? तसेच हे.

रानडुक्कर नव्हे, घरचेच रोप

इतके राखणदार आतड्यात असून तिथे कर्करोग होतोच कसा?

तुम्ही रात्री शेतावर जागलीला जाता. रानडुक्कर आले की हाकलता. कारण ते परके आहे, दुरून ओळखू येते. पण समजा, तुमच्याच पिकातले एक रोप बिघडले. ते वाटेल तसे वाढू लागले. शेजारच्या रोपांचे पाणी खाऊ लागले. ते परके नाही. तुम्हीच पेरलेल्या बियाण्याचे आहे. अंधारात ते ओळखू येईल का?

कर्करोग हा असा आहे. तो बाहेरून आलेला जंतू नाही. आपलीच एक पेशी बिघडते. कुठे थांबायचे हे ती विसरते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशी वाढत जाते.

मोठ्या आतड्यात पुष्कळदा आधी एक मांसाचा कोंब येतो. बहुतेक कोंब निरुपद्रवी राहतात. एखादा मात्र बिघडतो. कोंबाचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. म्हणजे आपल्या हातात पुष्कळ वेळ असतो. तो वेळ आपण लाजेत घालवतो.

आणि हेही सांगून ठेवतो. कर्करोग स्पर्शाने होत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. रोग्याला वेगळे बसवू नका. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्री यांची कुटी आजही आहे. त्यांना कुष्ठरोग होता. लोक तेव्हा त्या रोगाला फार भीत. पण गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांची सेवा करीत. जिथे असे घडले, त्या मातीतल्या माणसांनी कर्करोगाच्या रोग्याला दूर लोटावे का?

पहिल्या गाठीतले राखणदार

आता काकाजींच्या प्रश्नाकडे वळू. राखणदार झोपले होते का?

नाही. पुष्कळ वेळा ते जागे असतात. आतड्यातली गाठ ऑपरेशनने काढली आणि तिचा पातळ काप यंत्राखाली पाहिला, तर गाठीत नुसत्या कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत. त्यांच्यामध्ये राखणदारही दिसतात. कुणाच्या गाठीत खूप, तर कुणाच्या गाठीत थोडे.

फ्रान्समध्ये पॅरिस शहरी गॅलॉन नावाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी हे राखणदार मोजले. कुठे मोजले? दोन जागी. एक गाठीच्या मध्यावर, आणि दुसरे गाठीच्या कडेवर. जसे शेताच्या मध्ये आणि शेताच्या बांधावर. २००६ साली त्यांनी आपला निष्कर्ष जगापुढे मांडला. ज्यांच्या गाठीत मध्यावरही आणि बांधावरही टी-पेशींची दाटी होती, त्यांचा रोग ऑपरेशननंतर उलटण्याचे प्रमाण कमी होते. ज्यांच्या गाठीत टी-पेशी विरळ होत्या, त्यांचा रोग जास्त वेळा उलटला.

एका गावचे सांगणे साऱ्या गावांना लागू पडते का? म्हणून पुढे १३ देशांतल्या १४ केंद्रांनी मिळून हीच मोजणी केली. त्यात आपल्या शेजारच्या गुजरातेतले अहमदाबादचे कर्करोग रुग्णालयही होते. २,६८१ रोग्यांच्या गाठी तपासल्या. २०१८ साली उत्तर आले. तेच उत्तर! गाठीत राखणदार दाट, तर रोग परतण्याची भीती कमी.

आणखी एक गोष्ट दिसली आहे. गाठ जशी वाढत जाते, तशी टी-पेशींची दाटी बहुधा कमी होत जाते. गाठ लहान असते तेव्हा राखणदारांचा जोर असतो. गाठ मोठी झाली की त्यांचा जोर ओसरतो. काही थकतात. काहींना गाठ आत येऊच देत नाही. गिळणाऱ्यांपैकी काही तर फितूर होतात आणि गाठीला रक्त पोहोचवणाऱ्या नव्या शिरा वाढायला मदत करतात. आवरणाऱ्या पेशी तिथे जमल्या तर त्या मारेकऱ्यांनाच थांबवतात.

म्हणजे काकाजी, तुमचे राखणदार झोपले नव्हते. ते लढत होते. पण ते एकटे पडले. त्यांच्या मदतीला आपण वेळेवर गेलो नाही.

यकृतातल्या गाठीतले राखणदार

आता दुसरी जागा पाहू. आतड्यातला रोग पुष्कळदा यकृतातच का जातो?

यकृत म्हणजे उजव्या बरगडीखालचा मोठा अवयव. बोकडाच्या मटणात आपण ज्याला कलेजी म्हणतो, तेच हे. आतड्यांत अन्नरस तयार होतो. तो रक्तात मिसळतो. ते रक्त एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात जाते आणि मग साऱ्या शरीरात. कालव्याचे पाणी जसे आधी एका टाक्यात जावे आणि तिथून शेतांना सुटावे, तसे हे आहे. आतड्यातल्या गाठीच्या काही पेशी सुटल्या तर त्या याच पाण्याबरोबर वाहत येतात. पहिला मुक्काम यकृतात पडतो.

मग यकृतातले राखणदार काय करतात? त्यांची अडचण समजून घ्या. यकृतात रोज आतड्यातून नाना पदार्थ येतात. भाकरीचे, भाजीचे, दुधाचे, मेलेल्या जंतूंचे कण येतात. प्रत्येक कणाला शत्रू मानून राखणदार धावले, तर यकृताला रोज सूज येईल. म्हणून तिथल्या राखणदारांना सबुरीची सवय असते. बसस्थानकावरचा शिपाई प्रत्येक अनोळखी माणसाला पकडत नाही ना? तसेच. ही सबुरी एरवी आपल्या फायद्याची आहे. पण कर्करोगाची पेशी याच सबुरीचा फायदा घेते.

२०२१ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसले की, रोग यकृतात गेला की तिथल्या काही गिळणाऱ्या पेशी टी-पेशींनाच मरणाकडे लोटतात. त्यामुळे साऱ्या शरीरातले टी-पेशींचे बळ घटते. म्हणजे गड तर जातोच, फौजही जाते.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. एकाच माणसाच्या यकृतात तीन गाठी असल्या, तर तिन्ही सारख्या नसतात. एकीत राखणदार दाट असतात. दुसरीत मोजके असतात. तिसरी जवळजवळ रिकामी असते. एकाच शिवारातली तीन वावरे, पण एकावर जागल चांगली आणि एक उघडे! म्हणून एकच औषध दिले तरी एक गाठ आटते आणि दुसरी वाढते. शास्त्रज्ञांनी ऑपरेशनने काढलेल्या अशा गाठी मोजून पाहिल्या. तेव्हा ज्या गाठीत राखणदार सर्वांत कमी, तिच्यावरून रोग्याच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज सर्वांत चांगला आला. कुंपण जिथे सर्वांत कमजोर असते, तिथूनच जनावर शिरते, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पण म्हणून यकृतात डाग दिसला की सारे संपले, असे समजू नका. डाग थोडे असले आणि सोयीच्या जागी असले, तर ऑपरेशनने काढता येतात. काही माणसे त्यानंतर पुष्कळ वर्षे जगतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आशा सोडायची नाही.

कासरा सैल करणारे औषध

तुम्ही विचाराल, राखणदारांना जोर आणणारे औषध नाही का?

आहे. पण नीट ऐका, कारण इथे फसवणूक फार होते.

बैल ताकदवान असतो. तो उधळू नये म्हणून त्याला कासरा असतो. टी-पेशीलाही निसर्गाने असा कासरा दिला आहे. कर्करोगाची पेशी लबाड असते. ती हा कासरा ओढून धरते. टी-पेशी समोर उभी असते, पण पाऊल टाकू शकत नाही. अमेरिकेचे ॲलिसन आणि जपानचे होंजो यांनी असे दोन कासरे ओळखले आणि ते सैल करण्याची वाट दाखवली. २०१८ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले.

या औषधाने २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये एक नवल घडले. गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कर्करोग असलेल्या १२ जणांना फक्त हेच औषध दिले. बाराही जणांची गाठ दिसेनाशी झाली. ऑपरेशन लागले नाही.

पण थांबा. हे बारा जण निवडलेले होते. त्यांच्या गाठीची एक विशेष जात होती. पेशी नवी होताना तिच्यात बारीक चुका होतात. त्या दुरुस्त करणारी यंत्रणा पेशीतच असते. या जातीच्या गाठीत ती यंत्रणाच मोडलेली असते. त्यामुळे चुका साचतात. पेशीचा चेहरा इतका बदलतो की राखणदार तिला परकी म्हणून ओळखतात. कासरा सुटला की ते तुटून पडतात. पण गुदाशयाच्या १०० गाठींत अशा गाठी सुमारे ५ ते १० असतात. रोग दुसरीकडे पसरलेल्या १०० रोग्यांत तर सुमारे ५ जणांचीच गाठ या जातीची असते. बाकीच्यांना हे औषध एकटे फारसे उपयोगी पडत नाही. कुणाला ते द्यायचे, हे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवरून डॉक्टर ठरवतात.

आपल्या महाराष्ट्रातही या दिशेने काम झाले आहे. मुंबईचे टाटा रुग्णालय आणि तिथलीच आयआयटी ही संस्था, यांनी मिळून एक उपचार तयार केला. रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचे, आणि परत शरीरात सोडायच्या. २०२३ साली सरकारने त्याला परवानगी दिली. मात्र हा उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. आतड्याच्या गाठीसाठी नाही. गाठीच्या आत शिरणे राखणदारांना अजून कठीण जाते.

म्हणून बाजारात कुणी म्हणाला, "हे चूर्ण घ्या, प्रतिकारशक्ती वाढते, कर्करोग पळतो," तर त्याला हात जोडा आणि पुढे चला. चूर्णाने गाठीतले राखणदार वाढत नाहीत. गाठ मात्र तेवढ्या दिवसांत वाढते. काकाजींचे आठ महिने असेच गेले.

आजही आतड्याच्या कर्करोगावर पहिला उपाय ऑपरेशन हाच आहे. जोडीला गरजेप्रमाणे औषधांची इंजेक्शने, आणि गुदाशयाच्या गाठीला किरणांचा उपचार. गाठ पहिल्याच जागी असताना ऑपरेशन झाले, तर पुष्कळ माणसे पूर्ण बरी होतात.

मूळव्याध की गाठ?

आता कामाचे बोलू. शौचातून रक्त म्हणजे कर्करोगच, असे नाही. बहुतेक वेळा ती मूळव्याधच असते, नाहीतर चीर असते. पण घरी बसून ते ओळखता येत नाही. आम्हांलाही आले नाही. म्हणून या खुणा ध्यानात ठेवा.

रक्त पुन्हापुन्हा जाते.

शौचाची सवय बदलली आणि तीन आठवडे झाले तरी पूर्ववत झाली नाही. कधी जुलाब, कधी अडकणे.

शौचाला जाऊन आले तरी पोट साफ झाले असे वाटत नाही.

कारण नसताना वजन उतरते.

अंगात रक्त कमी होते, चेहरा पांढरा पडतो, दम लागतो.

पोटात गोळा हाताला लागतो, किंवा पोट सारखे दुखते.

यांतली एक जरी खूण दिसली, तरी डॉक्टरांकडे जा. आपल्या घरात आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर तेही सांगा. हा रोग काही घराण्यांत जास्त दिसतो. तंबाखू, बिडी, दारू यांनीही धोका वाढतो. खर्रा तोंड तर नासवतोच, तोही सोडा.

डॉक्टर काय करतात? आधी बोटाने तपासतात. एक मिनिटाचे काम. लाज वाटते, पण दुखत नाही म्हटले तरी चालेल. मग लागले तर दुर्बीण घालून आतडे पाहतात. कोंब दिसला तर पुष्कळदा त्याच वेळी काढून टाकतात. गाठ दिसली तर लहानसा तुकडा घेऊन तपासतात. "तुकडा काढला का रोग पसरते," असे लोक म्हणतात. ते खरे नाही. तुकडा तपासल्याशिवाय रोगाची जातच कळत नाही. बियाणे न पाहता कुणी खत घालतो का?

कुठे जायचे? आपल्या जवळ कस्तुरबा रुग्णालय आहे. डॉ. सुशीला नायर यांनी ते काम उभे केले. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वर्धा जिल्ह्यात कुणाला कोणता कर्करोग झाला, याची नोंदवहीही तिथे ठेवली जाते. आपल्याकडे तोंडाचा आणि स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. मोठ्या आतड्याचा त्यामानाने कमी. म्हणूनच तो कुणाच्या मनात येत नाही, आणि उशीर होतो.

पैशाचे काय? एके काळी सेवाग्रामच्या आसपासची गावे सुगीला घराघरांतून ज्वारी गोळा करीत, आणि त्या बदल्यात गावाला दवाखान्याचा आधार मिळे. पायलीभर ज्वारीने आजाराचा भार सारे गाव उचलत असे. आज महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना आहेत. कर्करोगाचे पुष्कळ उपचार त्यांत बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या. रुग्णालयात या योजनेची माहिती देणारा माणूस बसतो, त्याला विचारा. आता तुम्हांला वाचता येते. कागदावर काय लिहिले आहे ते वाचा, आणि मगच सही करा.

आणि लाजेचे काय? तेही सांगतो. गांधीजींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहिले, तेव्हा डॉक्टरांवर फार कडक टीका केली. पण १९२४ साली येरवड्याच्या तुरुंगात त्यांचे पोट दुखू लागले. आतड्याच्या टोकाला सूज आली होती. त्यांनी दुखणे लपवले नाही. हट्टही धरला नाही. पुण्याच्या ससून रुग्णालयात इंग्रज डॉक्टर कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांनी ऑपरेशन करून घेतले. मधेच विजेचा दिवा गेला, तेव्हा कंदिलाच्या उजेडात ते पुरे केले. एवढ्या मोठ्या माणसाने पोट उघडू दिले. आपण तोंड तरी उघडू या.

शेवटची गोष्ट

काकाजींचे ऑपरेशन झाले. इंजेक्शनेही झाली. त्यांना सव्वादोन वर्षे मिळाली. त्या काळात त्यांनी धाकट्या मुलीचे लग्न केले. दोन हंगाम कापूस घरात आणला. मग ते गेले.

जाण्याआधी आम्ही भेटायला गेलो होतो. ते म्हणाले, "माहं नाव नका सांगू. पन गोष्ट सांगा. नाही तं मी उगाच गेलो असं होईन."

म्हणून आम्ही नाव सांगत नाही, गोष्ट सांगतो.

त्यांच्या धाकट्या भावाने त्यानंतर स्वतःची तपासणी करून घेतली. त्याला काही त्रास नव्हता. तरी दुर्बिणीत एक लहान कोंब सापडला. तो तिथेच काढला. संध्याकाळच्या गाडीने तो घरी आला आणि दुसऱ्या दिवशी डवरा घेऊन शेतात गेला. शेजारच्या एक ताई रक्त जाते म्हणून तपासायला गेल्या. त्यांना मूळव्याधच निघाली. त्या हसत परत आल्या. ते हसणे आम्हांला आजही आठवते.

बंधूंनो, भगिनींनो, तुमचे राखणदार दिवसरात्र जागल करतात. पगार मागत नाहीत. सुट्टी घेत नाहीत. गाठ पहिल्या जागी असते तोवर त्यांचा जोर असतो. तेवढ्यात त्यांच्या हाकेला ओ द्या. रक्त ही त्यांची हाक समजा. आज घरी गेल्यावर एकच काम करा. नवऱ्याने बायकोला आणि बायकोने नवऱ्याला विचारावे, "तुला असा काही त्रास नाही ना?" मुलांनी आईवडिलांना विचारावे. उत्तर "नाही" आले तर सुखाने झोपा. उत्तर "हो" आले तर उद्याचा कापूस परवा वेचा.

नमस्कार.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. जांघेत अवधाण का येते?

२. कर्करोगाची पेशी ओळखणे राखणदारांना कठीण का जाते?

३. आतड्यातला रोग आधी यकृतात का जातो? तिथले राखणदार सबुरीने का वागतात?

४. शौचातून रक्त गेले तर पुड्या आणण्याआधी काय करावे?

५. आपल्या गावात ही गोष्ट अजून कुणाला सांगायला हवी?